काका, पुतण्या आणि क्गोत्ला: बांग्वातोंच्या गादीचे प्रकरण (१९४८ ते १९५६)

पार्श्वभूमी

आजच्या बोत्स्वानाच्या पूर्व भागात सेरोवे हे मोठे गाव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात ते बांग्वातो या त्स्वाना समाजाचे मुख्य ठिकाण होते आणि बेच्वानालँड या तत्कालीन ब्रिटिश संरक्षित प्रदेशातील सर्वांत मोठी गादी याच समाजाची होती. गादीच्या मुलखात सुमारे एक लाख माणसे राहत. त्यांत मूळ बांग्वातो कुळांचे लोक थोडे होते. बाकीचे बाकालांगा, बाबिर्वा, बात्स्वापोंग अशा वेगवेगळ्या समाजांचे होते. गादीविषयी या सगळ्यांची भावना सारखी नव्हती, हे पुढे वादाच्या ऐन क्षणी दिसून आले.

या गादीची प्रतिष्ठा खामा तिसरा याने उभी केली होती. १८९५ मध्ये तो, बाक्वेना या शेजारच्या त्स्वाना समाजाचा सेबेले पहिला आणि बांग्वाकेत्से या दुसऱ्या त्स्वाना समाजाचा बाथोएन पहिला असे तीन राजे थेट लंडनला गेले. आपला मुलूख सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या हवाली करू नये, तो ब्रिटिश राजसत्तेच्याच देखरेखीखाली राहावा, ही मागणी त्यांनी वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्यापुढे ठेवली. रेल्वेसाठी जमिनीची एक पट्टी सोडावी लागली, पण मुलूख वाचला. ‘ब्रिटिश सरकार आपला रक्षणकर्ता आहे’ ही समजूत बांग्वातोंच्या मनात तेव्हापासून रुजली. १९५० मध्ये ती तुटली तेव्हा लोकांना जो धक्का बसला, त्याचे मूळ या जुन्या विश्वासात आहे.

खामा तिसरा १९२३ मध्ये वारला आणि त्याचा मुलगा सेक्गोमा दुसरा अवघ्या दोन वर्षांत, १९२५ मध्ये गेला. मागे राहिलेला वारस सेरेत्से तेव्हा चार वर्षांचा होता. त्याचा चुलता त्शेकेडी याने विशीतच शिक्षण सोडून १९२६ मध्ये राजप्रतिनिधी म्हणून कारभार हाती घेतला. त्याने पुतण्याला पोटच्या मुलासारखे वाढवले, फोर्ट हेअरच्या महाविद्यालयात पाठवले आणि १९४५ मध्ये ऑक्सफर्डला आणि पुढे लंडनला कायद्याच्या शिक्षणासाठी धाडले. तरुण परत आला की गादी त्याच्या हाती द्यायची, असेच सर्वजण धरून चालले होते.

या प्रकरणातील निर्णय ज्या ठिकाणी झाले त्या क्गोत्लाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. क्गोत्ला म्हणजे लाकडी खुंटांच्या अर्धवर्तुळाकार कुडाने आडोसा केलेली उघड्यावरची जागा, आणि तिथे भरणारी सभाही. क्गोसी म्हणजे राजा तिथे सर्वांचे ऐकून घेतो आणि शेवटी बोलतो. त्स्वाना भाषेतील एक जुनी म्हण सांगते की क्गोसी हा क्गोसी असतो तो लोकांमुळे. क्गोत्लात मते मोजली जात नसत. बोलून बोलून कल स्पष्ट होई आणि क्गोसी तो कल शब्दांत मांडत असे. परंपरेने तिथे बोलण्याचा हक्क प्रौढ पुरुषांना होता. स्त्रियांना तो नव्हता.

ज्या व्यक्ती सार्वजनिक इतिहासाचा भाग आहेत त्यांचीच नावे या लेखात घेतली आहेत. सभेत उभे राहून बोललेले, आयोगापुढे साक्ष दिलेले आणि दंगलीत पकडले गेलेले सामान्य लोक येथे निनावीच ठेवले आहेत.

समस्या

सप्टेंबर १९४८ मध्ये सेरेत्सेने चुलत्याला कळवले की आपण रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी लग्न करत आहोत. ती लंडनमध्ये एका विमा व्यवसायाच्या कचेरीत नोकरी करत होती; दोघांची ओळख वर्षभरापूर्वीची होती. पत्र सेरोवेला पोहोचले तेव्हा लग्नाला जेमतेम काही दिवस उरले होते. त्शेकेडीने लंडनमधील मिशनरी संस्थेमार्फत लग्न थांबवण्याची धडपड केली. चर्चमधील विवाह बिशपच्या अडथळ्यामुळे होऊ शकला नाही, आणि २९ सप्टेंबर १९४८ रोजी दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले.

त्शेकेडीचा विरोध केवळ वर्णाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या दृष्टीने राजाची पत्नी ही समाजाची बाब होती. तिच्या पोटी येणारा मुलगा पुढचा क्गोसी असतो, म्हणून तिची निवड समाजाला विचारून व्हायला हवी होती. दुसरी भीती राजकीय होती. १९०९ च्या दक्षिण आफ्रिका कायद्यात बेच्वानालँड, बासुटोलँड आणि स्वाझीलँड हे तीन प्रदेश पुढे कधीतरी दक्षिण आफ्रिकेला जोडण्याची तरतूद होती. मे १९४८ मध्ये तिथे डॅनियल मलान यांचा वर्णभेदवादी पक्ष सत्तेवर आला होता. नैऋत्य आफ्रिका (आजचा नामिबिया) गिळंकृत करण्याच्या दक्षिण आफ्रिकेच्या प्रयत्नाविरुद्ध त्शेकेडी स्वतः संयुक्त राष्ट्रांपर्यंत दाद मागत होता. सीमेच्या पलीकडे काय शिजते आहे हे त्याला इतरांपेक्षा अधिक कळत होते, आणि अशा वेळी गोरी राणी आणणे म्हणजे शेजाऱ्याच्या हाती निमित्त देणे, असे त्याचे मत होते. ही भीती खोटी नव्हती, हे पुढच्या घटनांनी दाखवून दिले.

मात्र सेरेत्सेकडेही बाजू होती. तो जन्माने वारस होता, वयाने सज्ञान होता आणि गादी सोडायला तयार नव्हता. पत्नीला सोडायलाही तयार नव्हता. त्यामुळे प्रश्न असा उभा राहिला की वारसाने समाजाला न विचारता लग्न केले तर गादीवरचा त्याचा हक्क राहतो का, आणि ते ठरवायचे कोणी.

समाजापुढचे पर्याय

नोव्हेंबर १९४८ मध्ये सेरोवेला पहिली मोठी सभा भरली आणि पाच दिवस चालली. सेरेत्से एकटाच आला होता. न विचारता लग्न केले ही आपली चूक झाली असे त्याने कबूल केले, पण लग्न मोडणार नाही असेही स्पष्ट सांगितले. जवळजवळ सर्व वक्ते या लग्नाविरुद्ध बोलले. डिसेंबरच्या अखेरीस दुसरी सभा झाली. तिथेही पत्नी नको हाच सूर वरचढ होता, मात्र वारस हवा हा सूरही तितकाच ठळक होऊ लागला होता.

या टप्प्यावर समाजापुढे चार वाटा होत्या. लग्न मोडायला लावून सेरेत्सेला गादी द्यायची. लग्नासह त्याला स्वीकारायचे. त्याला बाजूला सारून त्शेकेडीलाच पुढे ठेवायचे. किंवा तिसऱ्याच कोणाला बसवायचे. पहिली वाट सेरेत्सेने बंद केली होती. चौथी कोणालाच नको होती. उरलेल्या दोन वाटांपैकी कोणती निवडायची याचा विचार लोकांनी सहा महिने केला, आणि या सहा महिन्यांत जे घडले ते मला या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

लोकांनी प्रश्नच बदलला. ‘गोरी राणी चालेल का’ हा नोव्हेंबरमधला प्रश्न होता. जूनपर्यंत तो ‘आपला खरा क्गोसी कोण’ असा झाला. त्शेकेडीच्या बावीस वर्षांच्या कारभाराचा हिशेब या काळात नकळत मांडला गेला. त्याने शाळा, धान्याची कोठारे, पाण्याच्या सोयी केल्या होत्या, पण मोएंगचे महाविद्यालय उभारण्यासाठी त्याने वयोगटांच्या पथकांना विनावेतन कामाला लावले होते आणि लोकांकडून गुरे वसूल केली होती. १९४७ मध्ये बाकालांगांच्या न्स्वाझ्वी या प्रमुखाशी असलेल्या जुन्या भांडणात त्याने पथके पाठवली आणि तिथले लोक सीमा ओलांडून दक्षिण ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) निघून गेले. असा कर्तबगार आणि कठोर माणूस पुतण्याच्या लग्नाला इतका निकराचा विरोध करतो आहे, तो स्वतःसाठी गादी राखण्याकरिता तर नव्हे, असा संशय पसरला. आपल्याला गादी नको असे तो सांगत होता, आणि त्याच्या पुढच्या वागण्यावरून तो खरे बोलत होता असे मला वाटते. पण इतकी वर्षे हुकूम ऐकलेल्या लोकांना ते पटण्याची वेळ निघून गेली होती.

निर्णायक सभा

२० जून १९४९ रोजी तिसरी सभा सुरू झाली. हजारो पुरुष आपापले स्टूल घेऊन दूरदूरच्या वाड्यांतून आले होते. बहुतेक वृद्ध मानकरी आणि राजघराण्यातील ज्येष्ठ अजूनही त्शेकेडीच्या बाजूने होते. सामान्य माणसे, तरुण आणि अनेक अंकित समाजांचे लोक एकामागून एक उठून सेरेत्सेला गादी द्या म्हणत होते. काही वक्त्यांनी तर गोरी पत्नी नको असली तरी सेरेत्सेला गमावण्यापेक्षा ती परवडली, असे सरळ बोलून दाखवले.

शेवटच्या टप्प्यावर सेरेत्सेने रूढीला सोडून एक गोष्ट केली. जे आपल्या पत्नीला स्वीकारणार नाहीत त्यांनी उभे राहावे, असे त्याने सांगितले. सुमारे चाळीस जण उभे राहिले. मग जे आपल्याला पत्नीसह स्वीकारतील त्यांनी उभे राहावे असे तो म्हणाला, आणि सारी सभा उठली. मोजणी न करणाऱ्या क्गोत्लात ही जवळजवळ मतमोजणीच होती. परंपरेच्या कठोर अर्थाने ही पद्धत योग्य होती का, यावर त्शेकेडीच्या पक्षाने नंतर आक्षेप घेतला. मला तो आक्षेप समजतो, पण मान्य होत नाही. सात महिने बोलून झाल्यावर कल दिसत असतानाही तो शब्दांत न मांडणे, ही परंपरेशी अधिक मोठी प्रतारणा ठरली असती.

येथवर वाद समाजाच्या स्वतःच्या पद्धतीने सुटला होता. भाऊबंदकी कडवट झाली होती, पण निकाल लागला होता. त्शेकेडीने सेरोवे सोडून बाक्वेनांच्या मुलखात रामेत्साना येथे अनुयायांसह वस्ती करण्याचे ठरवले. आणि जाण्यापूर्वी त्याने एक पाऊल उचलले ज्याचा परिणाम त्याच्याही कल्पनेपलीकडे गेला: त्याने ब्रिटिश सरकारकडे न्यायिक चौकशीची मागणी केली.

सरकारपुढचे पर्याय

सरकारसमोर वास्तविक सोपा पर्याय होता. क्गोत्लाने निवडलेल्या वारसाला मान्यता देण्याची रीत होती आणि स्थानिक अधिकाऱ्यांचा कलही सुरुवातीला तसाच होता. पण सभेनंतर काही आठवड्यांतच दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण ऱ्होडेशिया या दोन्ही सरकारांनी लंडनकडे तीव्र विरोध नोंदवला. त्याच जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेने मिश्रविवाहांवर बंदी घालणारा कायदा केला. सीमेलगतच्या प्रदेशात काळ्या राजाची गोरी राणी मानाने राहते आहे, हे दृश्य त्या कायद्याच्या मुळावरच येणारे होते.

युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला दक्षिण आफ्रिकेचे सोने हवे होते, युरेनियम हवे होते, आणि तो देश राष्ट्रकुलात राहायला हवा होता. मलान यांना डिवचले तर ते तीन संरक्षित प्रदेशांवरचा हक्क पुढे रेटतील ही भीतीही होती. पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांच्या मजूर पक्षाच्या सरकारला मान्यता देणे धोक्याचे वाटत होते आणि दक्षिण आफ्रिकेच्या दबावाखाली मान्यता नाकारली असे जगाला दिसणेही नको होते. चौकशीची मागणी या अडचणीत हाती आलेली सोय होती. न्यायाधीश वॉल्टर हॅरागिन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये त्याचे काम झाले.

आयोगाने दिलेला अहवाल हा या प्रकरणातील सर्वांत विचित्र कागद आहे. जूनची सभा रीतसर बोलावली गेली होती आणि रीतसर चालली होती, असे त्यात म्हटले होते. सेरेत्से बुद्धीने, शिक्षणाने आणि स्वभावाने गादीला योग्य आहे, असेही म्हटले होते. तरीही त्याला मान्यता देऊ नये, अशी शिफारस होती. कारण एवढेच की दक्षिण आफ्रिकेने त्याला प्रवेशबंदी केली होती, बेच्वानालँडचे प्रशासकीय मुख्यालय दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीतील माफेकिंग येथे होते, आणि शेजाऱ्यांशी स्नेह राखणे प्रदेशाच्या हिताचे होते. परिस्थिती वेगळी असती तर त्याला नाकारण्याचे कारण उरले नसते, असा त्याचा सरळ अर्थ होता.

हा कागद प्रसिद्ध केला असता तर मजूर सरकारची नामुष्की झाली असती. म्हणून तो दडवला गेला आणि सुमारे तीन दशके लोकांच्या दृष्टीआड राहिला. चांगल्या कारभाराच्या हिताचा विचार करून निर्णय घेतला, असे जाहीर केले गेले. दक्षिण आफ्रिकेचा दबाव होता हे नाकारण्यात आले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील खरी चूक या ठिकाणी आहे. बलाढ्य शेजाऱ्यापुढे माघार घेणे हा दुबळेपणा असेल, पण तो सांगता येतो आणि ऐकणाऱ्याला त्यावर काही म्हणता येते. खरे कारण लपवून खोटे कारण पुढे केले की समोरच्या माणसाशी बोलण्याचीच वाट बंद होते.

केलेली कृती

फेब्रुवारी १९५० मध्ये सेरेत्सेला चर्चेसाठी लंडनला बोलावण्यात आले. गर्भवती असलेली रूथ मुद्दाम सेरोवेलाच राहिली, कारण दोघे गेले तर दोघांनाही परतू देणार नाहीत अशी शंका लोकांना होती. ती खरी ठरली. वर्षाला १,१०० पौंड घेऊन गादीवरचा हक्क सोडावा आणि इंग्लंडमध्ये राहावे, असा प्रस्ताव त्याच्यापुढे ठेवला गेला. त्याने तो नाकारला. मार्चमध्ये त्याला पाच वर्षांची हद्दपारी सुनावण्यात आली. त्शेकेडीलाही बांग्वातोंच्या मुलखाबाहेर ठेवण्यात आले, म्हणजे वाद करणारे दोघेही बाहेर आणि मध्ये सरकारी अधिकारी, अशी ही व्यवस्था होती.

निर्णय सांगण्यासाठी उच्चायुक्त सर इव्हलिन बेअरिंग १३ मार्च १९५० रोजी पूर्ण दरबारी गणवेशात सेरोवेला आले. सभा बोलावली गेली होती. क्गोत्लाच्या आडोशात खुर्च्या मांडल्या होत्या. बांग्वातो आलेच नाहीत. आरडाओरडा, दगडफेक असे काही झाले नाही. हजारोंच्या गावातून सभेला माणूस फिरकला नाही, आणि ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी रिकाम्या जागेपुढून परत गेला. क्गोत्लात येऊन विरोधात बोलले असते तरी सभा भरली असती आणि तिला कायदेशीरपणा मिळाला असता. न येण्याने तो मिळाला नाही. हे कोणी एका माणसाने ठरवले नव्हते. ते गावाने ठरवले होते.

पुढील सहा वर्षे हीच रीत वेगवेगळ्या रूपांत चालू राहिली. लोकांनी कर भरण्याचे टाळले. नवा क्गोसी निवडा असे अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. सभांनी आमचा क्गोसी जिवंत आहे आणि तो इंग्लंडमध्ये आहे असे उत्तर दिले. १९५१ मध्ये त्शेकेडीला परत येऊ द्यावे का हे पाहण्यासाठी ब्रिटनहून तीन निरीक्षक आले, त्यांनाही लोकांनी नकार दिला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि मार्च १९५२ मध्ये राष्ट्रकुल संबंध खात्याचे मंत्री लॉर्ड सॉल्झबरी यांनी हद्दपारी कायमची करून टाकली. सेरेत्सेला जमैकात नोकरी देऊ केली गेली, ती त्याने घेतली नाही. बांग्वातोंचे सहा जणांचे शिष्टमंडळ लंडनला जाऊन रिकाम्या हाताने परतले.

त्यानंतर १ जून १९५२ रोजी सेरोवेच्या क्गोत्लात दंगल झाली. पोलीस आणि जमाव यांच्यात संघर्ष झाला आणि बासुटोलँडमधून आणलेले तीन पोलीस मारले गेले. दंगलीत स्त्रिया आघाडीवर होत्या. या मृत्यूंचे समर्थन करता येत नाही; परक्या मुलखात नोकरीसाठी आलेल्या तीन आफ्रिकी शिपायांना अशा निर्णयाची किंमत मोजावी लागली ज्यात त्यांचा काहीही संबंध नव्हता. मे १९५३ मध्ये सरकारने राजघराण्यातील रासेबोलाय क्गामाने यांना कारभारी नेमले. लोकांनी त्यांना कामापुरते मानले, क्गोसी म्हणून मानले नाही.

तडजोड

कोंडी फुटली ती सरकारच्या प्रयत्नाने नव्हे. काका आणि पुतण्या पुन्हा बोलू लागले, म्हणून फुटली. त्शेकेडीला तोवर खासगी नागरिक म्हणून परतू दिले गेले होते, पण सेरेत्से अजून हद्दपार होता आणि त्याला घरी जायचे होते. त्शेकेडीला आणखी एक गोष्ट जाणवत होती: ऱ्होडेशियातील एका खाण कंपनीला बांग्वातोंच्या जमिनीत खनिजांचा शोध घ्यायचा होता, आणि करार करायला समाजाच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. गादी रिकामी ठेवून समाजाने सरकारला रोखले होते, पण त्याच रिकाम्या गादीमुळे समाजाचे स्वतःचे कामही अडले होते.

ऑगस्ट १९५६ मध्ये दोघांनी लंडनमध्ये एकत्र बसून एका दस्तऐवजावर सह्या केल्या. सेरेत्सेने स्वतःसाठी आणि आपल्या मुलांसाठी गादीवरचा हक्क सोडला. त्शेकेडीनेही हक्क सोडला. सेरेत्सेला सामान्य नागरिक म्हणून परत येण्याची परवानगी मिळावी आणि समाजासाठी एक परिषद स्थापन व्हावी, तिच्यात दोघांनाही काम करता यावे असे म्हटले. सरकारकडे नाही म्हणण्यासारखे काही राहिले नव्हते. १० ऑक्टोबर १९५६ रोजी सेरेत्से परतला तेव्हा विमानतळावर लोटलेली गर्दी क्गोसीचे स्वागत करायला आली होती, नागरिकाचे नव्हे. पण कागदावर तो नागरिक होता आणि त्याने तो शब्द पाळला.

या तडजोडीतील शहाणपण असे की घरी परतण्याचा हक्क आणि गादीचा हक्क या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या गेल्या. १९५० मध्ये सरकारने त्या जाणूनबुजून एकत्र बांधल्या होत्या. सेरेत्सेने आठ वर्षे गादी सोडली नाही, ती दबावाखाली सोडायची नाही म्हणून. आणि जेव्हा काकाबरोबर बसून स्वेच्छेने सोडायची वेळ आली तेव्हा सोडली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच स्वभावातून आल्या, असे मला वाटते.

परिणाम

त्शेकेडीने उरलेली वर्षे परिषदेच्या कामात घालवली. खाण कंपनीशी झालेला १९५९ चा करार मुख्यतः त्याच्या चिकाटीचे फळ होते. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. अखेरच्या आजारपणात सेरेत्से त्याच्या सोबत होता.

सेरेत्से १९६२ मध्ये स्थापन झालेल्या बेच्वानालँड डेमोक्रॅटिक पक्षाचा नेता झाला. मार्च १९६५ च्या निवडणुकीत पक्षाला ३१ पैकी २८ जागा मिळाल्या आणि ३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाल्यावर तो पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. प्रशासनाचे मुख्यालय त्याआधीच माफेकिंगहून गाबोरोने येथे हलवण्यात आले होते, म्हणजे हॅरागिन अहवालातील एका मुख्य कारणाचा आधारच उरला नव्हता. १९६७ मध्ये भूगर्भातील खनिजांचे हक्क वेगवेगळ्या समाजांकडून राष्ट्राकडे आणण्यात आले. त्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले, तेही बांग्वातोंच्या मुलखात. गादीवर बसलेला क्गोसी असता तर आपल्या समाजाच्या हक्कासाठी भांडणे हे त्याचे कर्तव्य ठरले असते. गादी सोडलेल्या राष्ट्राध्यक्षाला आपल्याच समाजाला हे हक्क सोडायला सांगता आले. हा परिणाम १९५६ मध्ये कोणीही योजलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मुलांसाठीही सोडलेली ती गादी लोकांनी मनातून कधीच रिकामी मानली नाही. मे १९७९ मध्ये बांग्वातोंनी सेरेत्सेचा मोठा मुलगा इयान यालाच क्गोसी म्हणून बसवले. सेरेत्से तेव्हा हयात होता; पुढच्या वर्षी जुलैमध्ये तो गेला.

काय वेगळे करता आले असते

सेरेत्सेने लग्नाआधी काही महिने चुलत्याला लिहिले असते तर विरोध झाला असता, पण फसवणुकीची भावना झाली नसती. त्याची ही चूक त्याने स्वतः मान्य केली, म्हणून तिच्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

त्शेकेडीची चूक अधिक गुंतागुंतीची आहे. जूनच्या सभेत हरल्यावर त्याच्यापुढे तीन गोष्टी होत्या: निकाल मान्य करून सेरोवेला राहणे, निकाल मान्य न करता निघून जाणे, किंवा बाहेरच्या सत्तेकडे दाद मागणे. त्याने दुसरी आणि तिसरी दोन्ही केल्या. दक्षिण आफ्रिकेचा हात आपल्या समाजापर्यंत पोहोचू नये म्हणून जो माणूस आयुष्यभर झटला, त्याच्याच अर्जाने तो हात पोहोचायला दार उघडले. सरकारी चौकशी निःपक्ष असेल असा त्याचा विश्वास १८९५ पासूनच्या परंपरेतून आला होता. त्या विश्वासाबद्दल त्याला दोष देणे मला जड जाते. पण दाद मागण्यापूर्वी, या चौकशीत माझ्याखेरीज आणखी कोणाला रस आहे, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायला हवा होता. उत्तर त्याला माहीत होते.

सरकारला जून १९४९ नंतर लगेच मान्यता देता आली असती. दोन शेजारी सरकारांनी निषेध केला असता. पण तीन प्रदेश सोपवण्याच्या प्रश्नावर ब्रिटिश संसदेचे आणि तिथल्या जनमताचे मत दक्षिण आफ्रिकेच्या विरोधातच होते, आणि एका राजाच्या लग्नावरून दक्षिण आफ्रिकेने राष्ट्रकुल सोडले असते का, याची खात्री कोणालाही नव्हती. मान्यता द्यायचीच नव्हती, तर अहवाल प्रसिद्ध करून खरे कारण सांगता आले असते. ते ऐकून सेरोवेने काय म्हटले असते हे आपल्याला कळणार नाही, कारण विचारलेच गेले नाही.

आणि क्गोत्लाविषयीही एक प्रश्न उरतो. रूथ ऑगस्ट १९४९ मध्ये सेरोवेला आली तेव्हा तिच्या दारी येऊन तिला पाहणाऱ्या, तिच्याशी खुणांनी बोलणाऱ्या, तिला आपली राणी म्हणणाऱ्या बायकाच होत्या. राजाची पत्नी कोण असावी या प्रश्नावर तीन सभा झाल्या आणि त्यांतल्या एकाही सभेत या बायकांना बोलता आले नाही. तीन वर्षांनी त्याच जागी त्या आल्या त्या दंगलीच्या दिवशी. जून १९४९ मध्ये जे हजारो उठून उभे राहिले त्यांच्यात त्या नव्हत्या.